चोर बाजार ते शिवाजी पेठ: रेकॉर्डींच्या मागे

शनिवार: मुंबई

चोर बाजारात रेकॉर्डींसाठी जायचं तर शुक्रवार सोडून. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची बहुतेक दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. त्या गर्दीत उकिडवं बसून रेकॉर्डी चाळणं अशक्य. मी शनिवारी अकराच्या सुमाराला पोचले. शटर अर्धी वर गेलेली, परतीच्या पावसाची एक सर नुकतीच येऊन गेलेली, आणि गल्लीभर ओल्या लाकडाचा नि ग्रीसचा वास.

बाईमाणूस रेकॉर्डी चाळायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, दीवार पे लगाने का है क्या?" हल्ली कॅफेवाले गठ्ठेच्या गठ्ठे नेतात, भिंतीवर ठोकायला नाहीतर घड्याळं बनवायला. मला ऐकायला हव्यात म्हटल्यावर दुकानदारानं एकदा नीट निरखून घेतलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

माझ्याकडे यादी होती. नाट्यसंगीताच्या ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी, किराणा आणि जयपूर घराण्याचं जुनं काही, आणि भावगीतांच्या ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या. घरी माझ्या रेकॉर्डी गायकाच्या आडनावानं लावलेल्या आहेत. दुसरी काही पद्धत असू शकते असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. या दुकानात आडनावाला काडीची किंमत नव्हती. राहुलदेव बर्मन काउंटरमागे, मालकाच्या हाताशी, कारण भाव तिथे. मग शंकर-जयकिशन, मदन मोहन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गझला. सगळ्यांत खाली, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात, "मिक्स". म्हणजे मराठी, गुजराती, कोकणी, कव्वाली, इंग्रजी शिकवायचे धडे, आणि ज्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही असे परदेशी बँड. माझी सगळी दुपार त्या कोपऱ्यात गेली.

यादीतलं एकही मिळालं नाही. मिळाली ती गोव्याच्या गायिका लॉर्ना यांनी ख्रिस पेरींच्या बँडबरोबर गायलेली कोकणी ईपी. मालकानं ती दुकानातल्या प्लेअरवर लावली आणि ट्रम्पेट सुरू झाल्याबरोबर शेजारचा झुंबरवाला आत डोकावून गेला. माझ्या यादीत कोकणीचा क नव्हता. भाव न करता घेतली, ही गोष्ट चोर बाजारात शोभणारी नाही हे मान्य.

जाणाऱ्यांसाठी थोडं: छोटी बॅटरी न्या. रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून तिरक्या उजेडात बघा, वरून पाहिलं तर सगळ्याच चकाकतात. कव्हर एकाचं आणि आत दुसरंच, हे फार होतं, म्हणून तबकडी बाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. एचएमव्हीच्या भारतीय लाँगप्लेच्या, म्हणजे ३३⅓ गतीच्या मोठ्या रेकॉर्डीच्या नंबराआधी ईसीएलपी किंवा ईएएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टिरिओ. पावसाळ्यात कव्हरला नाक लावून बघायला लाजू नका. बुरशीचा वास एका कव्हरातून तुमच्या अख्ख्या कपाटात पसरतो.

दुपारी मोहम्मद अली रोडला बैदा रोटी. संध्याकाळी उगाच काळा घोड्याला चक्कर मारली, जिथे रिदम हाउस होतं. २०१६ मध्ये ते बंद झालं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी आयुष्यातली पहिली कॅसेट तिथून घेतलेली आहे.

रविवार: पुणे

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. नळाच्या तोट्या, मोटारींचे आरसे, कुलपं, पितळी भांडी, आणि एका माणसाकडे गोणपाटावर ७८च्या रेकॉर्डींचा ढीग. पाकिटं नाहीत, काही नाही. शंभराला तीन.

मी बसते न बसते तोच सर आली. त्यानं घाईघाईनं तोट्यांवर ताडपत्री ओढली आणि रेकॉर्डी तशाच पावसात. मी ओरडलेच. तो शांतपणे म्हणाला, "लाखेला पानी काय करतंय ताई? पुसून देतो." अर्धं खरं आहे. ७८ची रेकॉर्ड म्हणजे लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. ही लाख मुख्यतः आपल्याकडची, छोटा नागपूरच्या जंगलांतली. व्हिनाइल येईपर्यंत जगभरातल्या रेकॉर्ड कारखान्यांना ती लागायची. चार थेंबांनी लाखेचं बिघडत नाही, लेबलाचं मात्र वाटोळं होतं. लाख विरघळते ती स्पिरिटमध्ये. म्हणून लाँगप्ले साफ करायचं जे द्रावण बाटलीतून विकत मिळतं, त्यात अल्कोहोल असेल तर ते ७८ला चुकूनही लावायचं नाही. गाणंच पुसलं जाईल. तिला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश पुरे.

ढिगात एक पोवाडा, दोन कीर्तनं, एक नकलांची रेकॉर्ड आणि बालगंधर्वांची एक निघाली. बालगंधर्वांच्या कडेला केसभर चीर होती. ती डोळ्याला दिसत नाही, नख फिरवलं की लागते. तरी घेतली.

दुपारी एका काकांकडे वेळ ठरलेली होती. "चार ते सहा" असं फोनवर दोनदा बजावलं होतं, म्हणून मी पावणेचार ते चार जिन्यात उभी राहिले. काका बँकेतून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेत वाडा पाडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. आतली खोली पूर्ण रेकॉर्डींची. एकाही कप्प्यावर गायकाचं नाव नाही, फक्त आकडे.

"नावं बदलतात, स्पेलिंग बदलतं. एकच बाई तीन लेबलांवर तीन तऱ्हेनं छापलेली असते," काका म्हणाले. "नंबर बदलत नाही." लेबलावर छापलेला कॅटलॉग नंबर तर मलाही माहीत होता. काकांचा जीव अडकलाय तो मॅट्रिक्स नंबरात. लेबलाच्या भोवती जी कोरी जागा असते तिथे बारीक अक्षरात कोरलेला किंवा ठोकलेला नंबर. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला कंपनी तो क्रमानं द्यायची. रेकॉर्डी मात्र बाजारात यायच्या त्या पुढेमागे, वेगवेगळ्या जोड्या लावून. काकांनी एका नाट्यगायकाच्या तीन रेकॉर्डी काढल्या, वहीत बघून बाजू मॅट्रिक्सच्या क्रमानं लावल्या आणि मला म्हणाले, "आता एक दुपार ऐका."

पहिली बाजू आवळलेली. ताना येतात, पण घड्याळाकडे बघत. तिसरीला आवाज मोकळा झाला. चौथी अशी की काकांनी नुसता हात वर केला. शेवटच्या बाजूला माणूस दमलाय आणि तीन मिनिटांत सगळं बसवायची घाई स्पष्ट कळते. याच रेकॉर्डी मी आडनावाखाली एकामागून एक ठेवून वर्षानुवर्षं ऐकल्या असत्या तरी ही दुपार मला सापडली नसती.

काका बोलायला लागले की साल घेऊनच बोलतात. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित करतो. त्या तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून, तिथल्या लोकांना बाजू कुणाची ते कळावं म्हणून गाणं संपलं की गायिका आपलं नाव इंग्रजीत सांगायची. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला रेकॉर्डींचा कारखाना निघतो, १९२८ मध्ये डमडमला. यात रस असेल तर सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मुंबईत १९९० साली सुरू झालेली संस्था आणि तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक जरूर शोधा. सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी केलेलं हे काम एखाद्या विद्यापीठानं करायला हवं होतं, पण ते हौशी माणसांनी केलं.

सहा वाजता काका उठून उभे राहिले. चहा मात्र झाला होता, आणि निघताना एका चिठ्ठीवर मिरजेतला पत्ता मिळाला.

सोमवार: कोयना एक्सप्रेस

दिवस गाडीत गेला. रेकॉर्डी नेताना त्या उभ्या ठेवायच्या, आडव्या कधीच नाही, आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा. लाखेच्या वजनानं खालची तडकते, व्हिनाइल उन्हानं वाकतं, म्हणून उन्हाच्या बाजूची खिडकी टाळायची. सातारा सोडल्यावर ऊन आणि पाऊस दोन्ही एकदम, दोन्हीकडे ऊस. सांगलीच्या अलीकडे समोरच्या आजोबांनी भडंगाचा पुडा उघडला आणि डब्यातल्या सगळ्यांना वाटला. त्यांना वाटलं माझ्या खोक्यात आरसा आहे. मी तेच चालू दिलं, कारण आरसा म्हटलं की लोक पाय सांभाळून ठेवतात.

मंगळवार: मिरज

सकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथे आहे. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत आणून दफन केलं. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मी गेले तेव्हा आवारात चार शेळ्या, एक फुलवाला आणि मोबाइलवर क्रिकेट बघणारी दोन पोरं, एवढंच. खाँसाहेबांनी १९३०च्या दशकात ओडियनसाठी भरलेल्या रेकॉर्डी हा किराणा घराण्याचा आपल्यापर्यंत आलेला सगळ्यांत जुना नसला तरी सगळ्यांत ऐकला गेलेला ठेवा असावा. प्रत्येक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, आणि एकदाही घाई ऐकू येत नाही.

मग सतारमेकर गल्ली. इथले वाद्यं बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि गल्लीत पाय ठेवला की ते दोरीला टांगलेले, भिंतीला टेकलेले, पायरीवर पालथे असे दिसायला लागतात.

चिठ्ठीतल्या पत्त्यावरचे दादा पावसावर वैतागले होते. या हवेत पॉलिश वाळत नाही. पॉलिश कसलं, विचारलं तर वाटी पुढे केली: चपडा, म्हणजे तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. रविवारी ज्या लाखेसाठी मी ओरडले तीच इथे स्पिरिटमध्ये विरघळून कापसाच्या बोळ्यानं तंबोऱ्यावर चढत होती.

दादांकडे शंभरेक रेकॉर्डी आहेत, कामाच्या खोलीतच, फळ्यांच्या मांडणीवर. कप्प्यांवर खडूनं लिहिलेलं: काळी एक. काळी दोन. पांढरी चार. काळी चार. पांढरी पाच. गाणाऱ्याच्या पट्टीनुसार लावलेल्या! एकाच कप्प्यात ख्याल, लावणी आणि सिनेमाचं गाणं गुण्यागोविंदानं. कारण विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक पांढरी पाचचा तंबोरा मागतंय. जवारी काढल्यावर नुसतं पेटीवर बघून कळत न्हाई. त्या सुरात माणूस गात असला की कळतंय, खाली आस टिकतीय का नाही ते." जवारी म्हणजे तारांखालची घोडी घासून आणलेला घुमारा, आणि आस म्हणजे मागे रेंगाळणारा सूर.

मी चीर गेलेली बालगंधर्वांची रेकॉर्ड काढली. दर फेऱ्याला टक्, टक्, पण गाणं शाबूत. दहा-बारा सेकंदांत दादांनी मान हलवली. "ताई, ही पळतीय." प्लेअर ७८वर होता, मी गती तपासायची चकती बघून सांगितलं. "मशीन बरोबर आहे हो. भरताना मशीन वेगळं असंल." त्यांनी गतीची पट्टी किंचित खाली ओढली, शेजारचा तंबोरा छेडला, आणखी किंचित ओढली. साथीचा ऑर्गन एकदम एका पट्टीवर येऊन बसला. आवाजातला कोपरा गेला. म्हणाले, "बघा, आता आकार रुंद झाला."

यात जादू काही नाही. सगळ्या "७८" नेमक्या ७८वर भरलेल्या नसतात. काही ८०च्या आसपास, जुन्या तर आणखी पुढेमागे. ८० आणि ७८ मधला फरक शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याला जरा कमी भरतो, म्हणजे पट्टी ओळखणाऱ्या कानाला सहज कळावा इतका. पेटी किंवा ऑर्गन साथीला असेल तर सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळायला नको, हा दादांचा हिशेब. माझी एक शंका अजून आहे: तेव्हाच्या पेट्याही सगळ्या एका मापाच्या नसायच्या. ती त्यांना बोलून दाखवली. "म्हणून तर गळ्याकडं बघायचं," म्हणाले आणि पुन्हा चपड्याकडे वळले.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी: कागदावर छापलेली स्ट्रोबची चकती मिळते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ७८साठी ७७ रेघांची आणि ३३⅓साठी १८० रेघांची घ्यायची. साध्या पिवळ्या बल्बखाली किंवा जुन्या ट्यूबखाली फिरवली की गती बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग फसतो. आणि ७८ला सुई वेगळी लागते. लाँगप्लेची सुई पंचवीस मायक्रॉनच्या आतबाहेर, ७८ची साधारण पासष्ट. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि मग लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डी खरखरतात.

तीन तास बसले. दादांनी एकही रेकॉर्ड विकली नाही, मीही मागितली नाही.

बुधवार: कोल्हापूर

मिरजेहून तासाभराचा प्रवास. उतरल्या उतरल्या मिसळ खाल्ली. कट वेगळा मागितला नव्हता तरी आला. मग देवल क्लब, इथली जुनी संगीतसंस्था. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, जयपूर घराण्याची गायकी याच गावात राहून त्यांनी पुढच्या पिढीला दिली, आणि त्यांची एकही रेकॉर्ड नाही. भास्करबुवा बखले त्यांच्याकडे शिकले, त्यांचीही नाही. रेकॉर्डी गोळा करणाऱ्यानं हे अधूनमधून आठवावं. आपलं कपाट म्हणजे संगीताचा इतिहास नव्हे.

शिवाजी पेठेतल्या ज्या आजींकडे गेले त्यांच्या मालकांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. कर्णे, अँप्लिफायर, रेकॉर्डी, सगळं भाड्यानं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. माळ्यावरून पत्र्याच्या पेट्या नातसुनेनं उतरवून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव: लग्न. वरात. बारसं. गणपती. इलेक्शन.

"ह्यांचं म्हणणं, गाणं कुणाचंबी असू दे, कशाला लावायचं तेवढं सांग," आजी म्हणाल्या. लग्नाच्या पेटीतली प्रत्येक रेकॉर्ड क्रमानं. एक नंबरला बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. लेबलावर रंगाचा ठिपका, ज्या बाजूला ठिपका ती वर. ती बाजू लोखंडी पिनांनी घासून राखाडी झालेली, खाचा जवळजवळ दिसत नाहीत. उलटी केली तर दुसरी बाजू काळीभोर, चकचकीत, बहुधा एकदाही न वाजलेली. संग्राहकाच्या भाषेत ही रेकॉर्ड बाद. पण एवढी वाजलेली रेकॉर्ड मी दुसरी पाहिलेली नाही. पेठेतली किती लग्नं त्या एका बाजूवर लागली असतील! आजी म्हणाल्या, अक्षता पडेस्तोवर पिन बदलायलाही उसंत नसायची.

कोपऱ्यात चार गतींचा प्लेअर होता: १६, ३३, ४५, ७८. नातसुनेनं विचारलं, "हे सोळा कशाला?" आजींनी मान हलवली, त्यांच्याकडे सोळाची रेकॉर्ड कधी आलीच नाही. मला एकच आठवत होती. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची जी तबकडी पाठवली ती १६⅔ गतीची आहे, आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. व्हॉयेजर १ निघून दोन आठवडेही झाले नव्हते. नातसूनबाईंनी मोबाइल काढून ते तिथल्या तिथे तपासलं. आजींना यान वगैरेत रस नव्हता. "म्हंजे आपल्या गावचं गाणं," एवढं म्हणून त्यांनी बारशाची पेटी पुढे ओढली.

तिच्यातली एक पाळण्याची रेकॉर्ड त्यांनी मला दिली. पैसे घेतले नाहीत, अट घातली. बंगळूरच्या नातवाला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे, बारशाला हाच पाळणा हवा, आणि तिकडे रेकॉर्ड वाजवायला काही नाही. "तू मोबाइलवर करून धाड. मी सांगतो तेवढं कर." कोल्हापूरच्या आजी "मी सांगतो"च म्हणतात, त्यामुळे अट आणखी पक्की वाटली.

दुपारी तांबडा-पांढरा, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस. रिझर्व्हेशन करताना खालचा बर्थ मागा; खोकं बर्थखाली उभं बसतं आणि झोप लागते.

घरी आल्यावर पाळणा धुतला, पासष्टची सुई लावली, गती मिरजेच्या दादांसारखी कानानं बसवायचा प्रयत्न केला. चांगला तास गेला. खरखर थोडी कमी केली, आवाज मऊ ठेवला, बाळासाठी आहे म्हणून, आणि पाठवला. दहा मिनिटांत आजींचा आवाजी निरोप आला: "पोरी, लई बारीक आलाय. कर्ण्यातनं यायचा तसा मोठा करून धाड, पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला पायजे."